पन्हाळा ते पावनखिंड भर पावसात चालत, सोबत १४ वर्षांची मुलगी. तयारी कशी करू?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग आहे. मुलगी नववीत, १४ वर्षांची. चौथीत इतिहासाला बाजीप्रभूंचा धडा झाला तेव्हापासून पावनखिंड तिच्या डोक्यात बसलीय. मागच्या वर्षी गाडीनं जाऊन खिंड बघून आलो, जिन्यानं खाली उतरलो, फोटो काढले, पंधरा मिनिटांत परत वर. येताना गाडीत मला म्हणाली, आई हे काय बघणं झालं, ती माणसं पन्हाळ्यावरनं रात्रभर पावसात चिखलात पळत आली आणि आपण काचा लावून आलो. त्या दिवसापासून एकच धोशा, चालत जायचं आणि पावसातच जायचं. मी हो म्हणाले. मनापासून म्हणाले, कारण ती जे म्हणाली ते मलाही पटलं होतं.

आता खरी काळजी सुरू झालीय. मी ज्योतिबाला गावच्या सासनकाठीबरोबर दोनदा चालत गेलेय, पण ते चैत्रात, डांबरी रस्त्यानं, आणि जागोजागी पाणी-सरबत देणारी माणसं. पावसात दोन दिवस डोंगरात चालायचं म्हणजे काय हे आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. आमच्याकडं पाऊस आला की पहिलं डोक्यात येतं ते डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आणि फवारणी, पावसात मुद्दाम भिजायला जायचं ही गोष्टच आमच्या भागात नाही. खरड छाटणीची कामं आता मागं पडलीत, ऑक्टोबर छाटणीपर्यंत जरा सवड आहे म्हणून आषाढात जायचं म्हणतेय.

विचारायचं एवढंच की बूट कुठले घ्यायचे, रेनकोट की छत्री, कपडे किती, रात्री कुठं राहायचं, ग्रुपबरोबर जावं की माझा भाऊ आणि त्याचे दोन मित्र येतो म्हणतायत त्यांच्याबरोबर, आणि सराव कसा करायचा कारण तासगावात चढायला डोंगर कुठला आणायचा. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे पोरीला झेपत नाहीये हे मला कधी कळणार? ती हट्टी आहे, पाय मोडला तरी बोलायची नाही.

घाटवाटा_सातारा

ताई, मुलगी जे बोलली ते वाचून बरं वाटलं. मी ही वाट चार वेळा चाललोय, तीनदा आषाढात, एकदा श्रावणात. जमेल तसं सविस्तर लिहितो.

वाट साधारण पन्नासेक किलोमीटरची आहे, दोन दिवसांत करतात. पन्हाळ्यावरून राजदिंडीच्या वाटेनं उतरायचं, तुरुकवाडीकडून मसाई पठारावर चढायचं, पठार ओलांडलं की कुंभारवाडी, खोतवाडी असं करत पहिल्या मुक्कामाला करपेवाडी-आंबेवाडीच्या आसपास पोचायचं. दुसऱ्या दिवशी वाड्यावस्त्या, भातखाचरं, ओढे आणि जंगलाचे टप्पे पार करत पांढरपाणी आणि तिथून खिंड. चढ फार मोठे नाहीत. ही वाट दमवते ती चढानं नाही, चिखलानं. सपाटीवर एक किलोमीटरला जिथं पंधरा मिनिटं लागतात तिथं चिखलात अर्धा तास जातो, प्रत्येक पाऊल उपसून काढायला लागतं, दुपारनंतर मांड्या भरून येतात. किलोमीटर बघून हिशोब करू नका, तास बघून करा.

मसाई पठाराबद्दल जरा जास्त सांगतो कारण पहिल्या दिवशीची खरी परीक्षा तिथंच आहे. जांभ्या दगडाचं उघडं पठार, झाड म्हणून नाही, आणि आषाढात वारा असा असतो की पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. धुकं उतरलं की पुढचा माणूस दहा पावलांवर दिसेनासा होतो. एकदा आम्ही तिथं अर्धा तास चाललो आणि मग मगाशी ज्या डबक्याशी थांबून बूट धुतले होते त्याच डबक्याशी परत येऊन उभे राहिलो, म्हणजे गोल फिरलो होतो. दगडांवर कुठं कुठं बाण मारलेले असतात. एक बाण सोडताना पुढचा दिसत नसेल तर एकानं त्या बाणापाशी थांबायचं आणि दुसऱ्यानं पुढचा शोधायचा, आवाजाच्या टप्प्यात राहून. दोघींच्या गळ्यात शिट्टी पाहिजेच. छत्रीचा विषय पठारावर दोन मिनिटांत संपतो, त्यामुळं छत्री नको. पाठीवरच्या सॅकवरून येईल असा पोंचो किंवा चांगला दोन तुकड्यांचा रेनकोट घ्या.

आणि आता जे सांगतो ते या सगळ्यात मुख्य. भिजायचं तर आहेच. रेनकोट कितीही भारी असला तरी तीन तासांनी आतून घामानं आणि मानेतून पावसानं माणूस ओला होतोच. मग खरा प्रश्न असा की रात्री अंगावर घालायला कोरडं काय आहे. एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांपासून मोज्यांपर्यंत, एक गरम टोपी आणि पातळ स्वेटर, हे सगळं जाड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचं, ती पिशवी परत दुसऱ्या पिशवीत, आणि मुक्कामाला छपराखाली पोचेपर्यंत तिला हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. बेदाण्याच्या बॉक्समध्ये आत जी पिशवी येते ना ती तुमच्याकडं असेलच, एकदम बेस्ट.

आणि सकाळी उठल्यावर ते कोरडे कपडे काढायचे, परत पिशवीत भरायचे आणि कालचे ओले गार कपडे अंगावर चढवायचे. हे ऐकायला फार वाईट वाटतं, करायला त्याहून वाईट, ओला मोजा पायात घालताना अंगावर काटा येतो. पण चालायला लागलं की दहा मिनिटांत अंग तापतं आणि विसरायला होतं. बहुतेक नवीन लोक इथंच चुकतात, सकाळी कोरडे घालून निघतात, अर्ध्या तासात तेही भिजतात आणि मग काही अडचण येऊन थांबावं लागलं तर अंगावर घालायला काहीच उरत नाही. मुलीला हे घरीच समजावून सांगा, तिथं पहाटे समजावायला जाऊ नका.

जीन्स नको, सुती ट्रॅक नको. मैदानावर खेळायला घालतात तसली पातळ ड्रायफिट टी शर्ट-पँट, पिळली की निम्मी वाळते.

शिराळ्याचा_गडी

ताई, आमी शिराळ्याच्या पश्चिमेचं, चांदोली धरणाच्या खालच्या अंगाचं. आमच्यात जून लागला की गणपतीपर्यंत ऊन दिसत न्हाय, तवा पावसात चालणं हे आमाला काय वेगळं शिकाय लागलं न्हाय. वरती दादानी चांगलं सांगितलंय, मी चिखलाचं आन पाण्याचं सांगतो.

चिखलात टाच आधी टेकायची न्हाय, अख्खा पाय सपाट टाकायचा, पावलं बारीक बारीक. उतारावर गुडघा जरा वाकवून ठेवायचा, ताठ पायानं उतरलं की सरकलंच. आन एक वेळूची काठी घ्या दोघींना दोन, खांद्याएवढी. विकतच्या काठ्या घेतल्या तरी चालतंय पण आमच्यात काठीबिगर पावसाळ्यात कोण बांधावर जात न्हाय, काठीनं म्होरं टोचून बघायचं चिखल किती खोल हाय ते.

ओढं. हे नीट ऐका. सांगलीची माणसं जशी पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघत्यात, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, तसं ओढ्याचं पण बघाय लागतंय, फक्त तिथं पट्टी आपल्याला करावी लागती. काठाला पाणी जिथवर आलंय तिथं एक काडी रोवायची न्हायतर दगड ठेवायचा आन इस मिनटं बसायचं. काडी बुडली म्हंजी पाणी चढतंय, मागं सरका. काडी उघडी पडली म्हंजी उतरतंय, थांबा अजून. डोंगरातला ओढा जेवढ्या तडकाफडकी फुगतो तेवढ्याच लवकर उतरतो, वरचा पाऊस थांबला की तासा-दोन तासात वाट मोकळी होती. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा आन काटक्या वाहून याय लागल्या की वरनं लोंढा येतोय असं समजायचं आन लांब व्हायचं. गुडघ्याच्या वर पळतं पाणी असंल तर पोरीला घिऊन अजिबात उतरायचं न्हाय, मग म्होरं शंभर माणसं का जाईनात.

अजून एक मनातलं सांगतो. आषाढात रोप लावणीचा टायम असतो. वाट भातखाचराच्या बांधावरनं जाती. बांध निसरडा असतो म्हणून लोकं खाली खाचरात उतरत्यात आन कालच लावलेलं रोप तुडवून जात्यात. एका पाठोपाठ पाचशे माणूस गेला की त्या खाचराचं काय ऱ्हातंय सांगा. गुडघाभर चिखलात दिवसभर कमरंत वाकून बायकांनी लावलेलं असतंय ते. तुमी सोता शेतकरी हाय, तुमाला सांगाय लागणार न्हाय, पण पोरीला सांगा आन तिच्या तोंडनं बाकीच्यास्नी पण कळूद्या. पडलं तरी बांधावर पडायचं.

घोंगडं असंल घरात तर घिऊन जावा. वल्लं झालं की जड होतंय हे खरं, पण वलं घोंगडं बी ऊब देतंय, वली चादर नुसतं गार पाणी. धनगर माणूस चार म्हैनं त्याच्या खोळीतच काढतोय.

सिस्टर_मिरज

ताई, मी मिरजेत हॉस्पिटलला नर्स आहे, आणि ही मोहीम दोनदा केलीय. तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, पोरीला झेपत नाही हे कसं कळणार.

थंडी अंगात शिरली की माणूस आधी कुडकुडतो. हे कुडकुडणं ठीक आहे, शरीर आपलं काम करतंय. पण नंतर बोलणं जड व्हायला लागतं, पाय अडखळतात, चेन लावता येत नाही, बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, आणि बडबडी मुलगी एकदम गप्प होते, काही विचारलं तर "काही नाही" एवढंच म्हणते. हट्टी मुलांच्या बाबतीत तोंडाकडं बघू नका, हाताकडं बघा. दर तासाला तिला सांगा की सॅकची चेन तू उघड आणि मला दोन बेदाणे काढून दे. बोटं नीट चालली तर ठीक. बोटं चुकायला लागली की तिथंच थांबायचं, वाऱ्याच्या आड जायचं, ओले कपडे काढून ती वर सांगितलेली पिशवी फोडायची, होय, अशा वेळी ती फोडायची, त्यासाठीच तर ती कोरडी राखलीय. गोड गरम चहा द्या, जवळ घेऊन बसा. हातपाय जोरात चोळू नका. कुणी "थोडी घेतली की ऊब येते" म्हणालं तर ऐकू नका, मोठ्या माणसांनीही नाही. दारूनं कातडी गरम वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते.

पाय. सकाळी निघताना बोटांच्या मधे, टाचेला, तळव्याला व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल भरपूर लावा, मांड्यांच्या आतल्या बाजूलाही लावा कारण ओल्या कपड्यानं तिथं सोलवटून निघतं आणि ते फोडापेक्षा जास्त त्रास देतं. टाचेला चुरचुरायला लागलं की लगेच थांबून चिकटपट्टी लावायची, फोड आल्यावर नाही, चुरचुरल्यावर. मुक्कामाला पोचलं की पहिलं काम पाय धुऊन पुसून उघडे ठेवायचे. पांढरे सुरकुतलेले तळवे रात्रभर कोरडे राहिले तर सकाळी बऱ्यापैकी ठीक होतात. ओल्या मोज्यात झोपली तर दुसऱ्या दिवशी चालणं विसरा.

पाणी प्यायचं लक्षात ठेवा, पावसात तहान लागत नाही पण घाम येतच असतो. ओढ्याचं पाणी आषाढात शेतातनं आलेलं असतं, ते प्यायचं नाही, मुक्कामाच्या घरातलं उकळून भरून घ्या. ओआरएसच्या पुड्या ठेवा.

पाळीचं सांगते, पुरुष मंडळी हे कुणी सांगत नाहीत. तारीख जवळ नसली तरी सामान घेऊन जा, चालण्यानं आणि दगदगीनं पुढंमागं होतं. चार-पाच पॅड वेगळ्या पिशवीत, वापरलेलं ठेवायला काळी जाड पिशवी आणि कागद, ते परत घरी आणायचं, शेतात-ओढ्यात टाकायचं नाही. ओलं पॅड अंगावर जास्त वेळ ठेवू नका. बायका सोबत असल्या की आडोसा धरता येतो, म्हणून ग्रुपमध्ये अजून दोन-तीन बायका आहेत का हे आधी विचारा.

शेवटचं, पायाला जखम किंवा चिरा असतील तर खाचराच्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) भीती असते. आधी डॉक्टरांना विचारून घ्या. आणि परत आल्यावर पंधरा दिवस-महिन्यात ताप, जोराची अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर दवाखान्यात स्वतःहून सांगा की भाताच्या चिखलातून चाललो होतो. हे सांगितलं नाही तर साधा व्हायरल समजून चार दिवस जातात.

जळवांना घाबरू नका, झाडीच्या टप्प्यात लागतात. मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावलं की सुटते. ओढून काढू नका. थोडा वेळ रक्त वाहतं, तेवढंच.

कराडकर

मुलगी पहिल्यांदाच येतेय तर एकदम दोन दिवसांची वाट कशाला, आधी वासोटा वगैरे एक दिवसाचं काहीतरी करा असं माझं मत.

घाटवाटा_सातारा

कराडकर, वासोटा पावसाळ्यात बंद असतो, कोयना अभयारण्यात येतो तो, पाऊस सरल्यावरच सोडतात. पण आधी एक दिवसाचं करा हे एकदम बरोबर आहे.

कराडकर

हो बरोबर, ते लक्षात नव्हतं. मग सराव असा करा. तासगावातनं दंडोबा जवळ आहे, दर रविवारी दोनदा वर-खाली. नुसतं चढण्यात काही नाही, उतरताना मांडीच्या पुढच्या बाजूची वाट लागते, उतरायचा सराव पाहिजे. आमच्याकडं या एकदा, सदाशिवगडाच्या पायऱ्या सकाळी दोन फेऱ्या करा. जुलै लागला की एक दिवस साताऱ्याला, सज्जनगड किंवा यवतेश्वरचा घाट चालत कासच्या दिशेनं, तिथं खराखुरा पाऊस आणि वारा मिळतो, हिल मॅरेथॉनवाले पण त्याच घाटात सराव करतात. आणि जे कपडे, बूट, सॅक मोहिमेला नेणार तेच घालून. पाऊस नसेल तर बादलीभर पाणी ओतून घ्या बुटात आणि चाला, मी खरंच सांगतोय. ओल्या बुटात कुठं घासतं ते कोरड्या बुटात कधीच कळत नाही.

बुटाचं म्हणाल तर महागडे वॉटरप्रूफ अजिबात नकोत. पाणी आत जायचं थांबत नाही, वरून घोट्यातून जातंच, आणि एकदा गेलं की बाहेर येत नाही, टाकीच होते. कापडी हंटर शूज घ्या, दातेरी रबरी तळाचे, पाणी जितकं आत येतं तितकं बाहेर जातं.

शिराळ्याचा_गडी

आमी तर प्लास्टिकच्या सँडलवरच जातोय.

सिस्टर_मिरज

दादा तुमच्या पायाला सवय आहे, तिच्या नाही. सँडलमध्ये बोटं उघडी, दगड-काटा लागतो आणि जखम चिखलात. बूटच पाहिजेत, आणि नखं दोन दिवस आधी कापा, नाहीतर उतारावर अंगठ्याचं नख काळं पडतं.

द्राक्षबाग_तासगाव

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, वाचताना डोळे भरून आले. मुलीला सगळं वाचून दाखवलं, ती वहीत लिहून घेतेय. हंटर शूज सांगलीतनं आणले, दंडोबाच्या दोन फेऱ्या झाल्या. पहिल्या रविवारी उतरताना मलाच दोनदा बसावं लागलं. बादलीचं पाणीपण केलं, तिच्या डाव्या टाचेला लगेच घासलं, मोजे बदलून बघितले तर राहिलं.

आता एकच, आमच्या ओळखीतनं एक ग्रुप सांगितलाय, पौर्णिमेला जाणारा, बराच मोठा आहे. काय विचारून पैसे भरू?

घाटवाटा_सातारा

ताई, पहिला प्रश्न हा विचारा की सगळ्यात शेवटी कोण चालतं. पुढं वाट दाखवणारा सगळ्यांकडं असतो. शेवटी चालणारा, ज्याच्या मागं कुणी उरत नाही असा माणूस आहे का, त्याच्याकडं टॉर्च आहे का, पुढच्याशी संपर्क कसा ठेवतो, हे नाव-गावासकट सांगता आलं पाहिजे. मी एकदा ज्यांच्याबरोबर गेलो होतो, नाव घेत नाही, त्यांचे पुढचे लोक मुक्कामाला जेवून झोपले आणि मागं नऊ जण अंधारात चिखलात वाट शोधत होते, त्यात दोन कॉलेजच्या मुली. गावातला एक म्हातारा बॅटरी घेऊन सामोरा आला म्हणून पोचले सगळे. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी स्वतः शेवटी चालतो, कुणी सांगितलं नसलं तरी.

दुसरं, जड सामान गाडीनं जातं का, आणि मधे गाडीरस्ता कुठं कुठं मिळतो, म्हणजे मुलीनं थांबायचं ठरवलं तर कुठून बाहेर काढता येईल. ही वाट जागोजागी गावांजवळून जाते, ही फार मोठी सोय आहे, तिचा उपयोग करायची लाज वाटून घ्यायची नाही.

तिसरं, मोहीम रद्द करायचा निर्णय कोण घेतं. हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता, ताई, तुमच्या तासगावात जवळजवळ अख्ख्या वर्षात पडतो तेवढा, २४ तासांत. त्याच पावसात आमच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. ती माणसं पिढ्यानपिढ्या तिथं राहणारी होती, पाऊस ओळखणारी होती. आपण तर दोन दिवसांचे पाहुणे. रेड अलर्ट असेल तर पैसे गेले तरी चालतील, जायचं नाही. पौर्णिमा पुढच्या वर्षी परत येते.

आणि गर्दीचं म्हणाल तर पौर्णिमेला हजारो लोक असतात, वाटेचा नुसता काला होतो. त्याचं एक वातावरण असतं हे खरं, रात्री गावागावात पोवाडे, घोषणा, अंगावर शहारे येतात. पण मुलीला ती वाट नीट अनुभवायची असेल तर आठवडाभर पुढं-मागं जा, लहान ग्रुपबरोबर, भाऊ असेलच. मुक्कामाचं घर मात्र आधी ठरवून ठेवा.

द्राक्षबाग_तासगाव

परवा रात्री घरी आलो. आठवडा पुढं ढकलून गेलो, एकूण अकरा जण, चार बायका. पहिल्यांदा ठरवलेल्या तारखेला ऑरेंज अलर्ट होता म्हणून ती सोडली.

मसाई पठारावर धुक्यात मला माझी मुलगी दिसत नव्हती, फक्त शिट्टी ऐकू येत होती. ती दर बाणापाशी थांबून वाजवत होती. मी पण वाजवायची. तासभर आम्ही दोघी एवढंच बोललो.

मुक्कामाला घरातल्या आजींनी काही न विचारता तिचे मोजे घेतले आणि चुलीच्या वरच्या दोरीवर टाकले, पाय शेकायला राखेची घमेली जवळ सरकवली. तांदळाची भाकरी आणि आमटी. कोरड्या पिशवीची गाठ सोडली तेव्हा आतलं सगळं खरंच कोरडं होतं, स्वेटरला घरच्या कपाटाचा वास येत होता. सकाळी ओला टी शर्ट घालताना मुलगी रडवेली झाली, पण मोजे आजींनी वाळवून दिले होते. तिनं ते हातात धरले, थोडा वेळ बघितले, आणि पिशवीत परत ठेवून कालचे दुसरे ओले घातले. मी काही सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका ओढ्यापाशी अडकलो. पाणी गढूळ, काटक्या वाहत होत्या. आमच्यातल्या दोघांचं म्हणणं की दोरी धरून जाऊ. मुलीनं काठाला काडी रोवली आणि बसली. वीस मिनिटांनी काडी बुडाली, तेव्हा ते दोघंही गप बसले. पाऊस थांबल्यावर दीड तासानं काडीच्या खाली वीतभर चिखल उघडा पडला, त्यानंतर अजून थोडं थांबून उतरलो, पाणी पोटरीपर्यंत होतं. खिंडीत पोचायला त्यामुळं संध्याकाळ झाली, भावानं टेम्पो तिथंच मागवला होता. मुलगी खाली उतरून त्या दगडाशी हात लावून उभी राहिली. बराच वेळ. फोटो काढू दिला नाही.

रोपांवर आमच्यापैकी कुणीही पाय दिला नाही, शिराळ्याच्या दादांना मुद्दाम सांगायला सांगितलंय तिनं. बांधावर ती स्वतः तीनदा पडली.

आता बुटांचं सांगा, दोन जोड चिखलानं भरलेत, वास यायला लागलाय आणि पुढच्या रविवारी सज्जनगडला जायचं म्हणतेय.

शिराळ्याचा_गडी

पोरीला शाबासकी सांगा. लई बरं वाटलं.

कराडकर

आतला तळवा काढून वेगळा धुवा, बूट साध्या पाण्यात ब्रशनं, गरम पाणी नको, डिंक सुटतो. मग आत वर्तमानपत्राचे बोळे गच्च भरून सावलीत वाऱ्याला उभे करा, दर चार-पाच तासांनी कागद बदला. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर रबर तडकतं. पूर्ण वाळले की आत थोडी तुरटीची पूड टाकून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटका. रविवारपर्यंत होतील.